विलीजचा कार्टर कार्ब उघडण्याआधी

दिवे घाट माझी जुनी विलीज जीप झकास चढायची. वर पोचून सासवडकडे सपाट रस्ता लागला, पाय अर्ध्यावर ठेवून निवांत चालवायला घेतली, की दहा-पंधरा मिनिटांत मागे काळा धूर आणि नाकात कच्च्या पेट्रोलचा वास. प्लग काढावेत तर चारही काजळीने मढलेले. पुसायचे, परत लावायचे, घरी यायचं. असं सात महिने चाललं. त्या सात महिन्यांत मी फ्लोट बदलला, पेट्रोल आत सोडणारी नीडल-सीट दोनदा बदलली, फ्युएल पंप उघडला आणि बऱ्याच पैशांवर पाणी सोडलं. दोष होता तो काडेपेटीतल्या काडीएवढ्या पितळी रॉडमध्ये, आणि तो वाकवला होता मीच.

जुन्या लष्करी गाड्यांच्या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. चार स्ट्रोक, रिच आणि लीन, फ्लोट म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. गाडी आहे दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी. आपण तिला जीप म्हणतो, पण अमेरिकन लष्कराच्या कागदांवर ती ‘पाव टनी ट्रक’ होती. फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू तिचीच बहीण. इंजिन तेच, कार्ब (कार्बुरेटर) तोच. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ कोरला, आणि पुढचा आडवा दांडा विलीजचा गोल नळीचा, तर फोर्डचा उलट्या ‘यू’ आकाराचा. कार्बपुरता हा फरक विसरा.

आधी ओळख. एमबी आणि जीपीडब्ल्यूवर कारखान्यातून यायचा तो कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ, नंबर ५३९एस. हा नंबर तिकोनी पितळी बिल्ल्यावर ठोकलेला असतो आणि तो बिल्ला वाटीच्या, म्हणजे कार्बमध्ये पेट्रोल साठतं त्या भांड्याच्या, झाकणाच्या एका स्क्रूखाली दाबलेला असतो. एकाच स्क्रूखाली! म्हणजे तो स्क्रू फिरवता येणारा कोणीही बिल्ला एका कार्बवरून दुसऱ्यावर नेऊ शकतो, आणि ऐंशी वर्षांत तसं कोणी केलं नसेल असं समजू नका. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून आपल्याकडे लष्करी आणि नागरी जीपचे सुटे भाग एकाच फळीवर राहत आलेत. जुन्या बाजारात मला मिळालेल्या कार्बवर ५३९एसचा चकचकीत बिल्ला होता. झाकण एका कार्बचं, वाटी दुसऱ्याची. दोघांचा रंगच जुळत नव्हता, तरी मी बिल्ला बघून पैसे मोजले. तुम्ही बिल्ला शेवटी बघा.

त्याऐवजी पंप बघा, म्हणजे पाय दाबल्यावर जादा पेट्रोल मारणारा अ‍ॅक्सिलरेटर पंप. थ्रॉटल (पायाने उघडणारी कार्बची झडप) हलवल्यावर वाटीत चामड्याच्या टोपीचा दट्ट्या वरखाली होत असेल तर तो डब्ल्यूओ घराण्यातला. कार्बच्या अंगाला गोल डबी चिकटलेली असेल आणि तिच्या कडेने स्क्रू असतील तर आत डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा आहे. तो कार्टर वायएफ किंवा वायएस, नंतरच्या सीजे३बी वा एम३८ या जीपच्या घराण्यातला. त्याचं किट वेगळं, मापं वेगळी. आणि अंगावर सोलेक्स असं दुसऱ्या कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर कधीतरी एखाद्या मालकाने सोय म्हणून बदललेला कार्ब तुमच्या हातात आहे. तो वाईट नाही, पण इथलं एकही माप त्याला लावू नका. ज्यांच्याकडे जीएमसीचा अडीच टनी ट्रक आहे त्यांना झेनिथ कंपनीचा कार्ब भेटेल, त्याचं शास्त्र निराळं.

‘सोलेक्स टाक आणि मोकळा हो’ हा सल्ला तुम्हाला निदान पाच जण देतील. रोज कामावर न्यायची गाडी असेल तर मी वाद घालणार नाही. पण लष्करी गाडी मूळ रूपात उभी करायची म्हणून तुम्ही यात पडला असाल, तर पहिल्याच अडचणीला मूळ कार्ब पोत्यात भरून ठेवणं मला पटत नाही. कार्टर डब्ल्यूओ नाजूक नाही. त्याला फक्त कोणीतरी सरळ जोडावा लागतो.

कार्बला हात लावण्यापूर्वी इग्निशन. हे काम कंटाळवाणं आहे, तरी सोडू नका. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगची ०.०३०, पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. गाडी सहा व्होल्टची आहे, त्यामुळे अर्थिंगची एक गंजकी पट्टी पुरते ठिणगी पिवळी पडायला. कंडेन्सर बदलून बघा. ‘कार्ब खराब आहे’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या कंडेन्सरवर बऱ्या होताना मी पाहिल्यात.

आता मीटरिंग रॉड. इथे मी रेंगाळणार आहे, कारण इथेच मी फसलो.

वाटीच्या तळाशी एक जेट आहे. बहुतेक कार्बमध्ये जेटचं भोक ठरलेलं असतं, तितकंच पेट्रोल जातं. कार्टरने वेगळं केलं. त्याने भोक मोठं ठेवलं आणि त्यात वरून एक पितळी रॉड सोडला. या रॉडचा वरचा भाग जाड, टोक बारीक. रॉड वर एका दांड्याला लटकतो आणि तो दांडा थ्रॉटलला जोडलेला. पाय हलका असताना रॉड खाली असतो, त्याचा जाड भाग जेट बराचसा बुजवतो, पेट्रोल कमी जातं. पाय पूर्ण दाबला की रॉड वर येतो, भोकात फक्त बारीक टोक राहतं, पेट्रोल जास्त जातं. एवढंच.

झाकण बसवताना हा रॉड झाकणातल्या भोकातून खाली जाऊन जेटच्या भोकात उतरायला हवा. उतरतो की नाही ते वरून दिसत नाही. मी केलं असं की रॉड दांड्याला अडकवलेलाच ठेवून झाकण वरून दाबलं. टोक भोकात जायच्या ऐवजी जेटच्या काठावर टेकलं. मी स्क्रू आवळत गेलो आणि रॉड जरासा वाकून जेटच्या शेजारी जाऊन बसला. काही अडकलं नाही, थ्रॉटल मोकळा फिरत होता, गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. मला वाटलं जमलं!

आता जेट उघडं पडलेलं. आयडलिंगला फरक पडला नाही, कारण स्लोचं, म्हणजे आयडलिंगचं, पेट्रोल शेवटी आयडल जेटच्या बारीक भोकातून मोजून जातं. घाटात फरक पडला नाही, कारण तिथे पाय पूर्ण दाबलेला. रॉड जागेवर असता तरी त्याचं फक्त बारीक टोक भोकात असतं, म्हणजे जेट असंही जवळजवळ उघडंच. फरक पडला तो अर्ध्या पायावर, सपाटीला. तिथे जाड भागाने भोक बुजवायला हवं होतं आणि बुजवायला कोणी नव्हतं. रोगाचं नाव गाडी मला दर रविवारी सांगत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. स्लो चांगला, चढ चांगला, सपाटीला काळा धूर: हे तीन एकत्र दिसले तर फ्लोटला हात लावू नका, आधी रॉड बघा.

एका गॅरेजने मधल्या काळात तीनदा ‘ट्यूनिंग’ करून दिलं. दरवेळी मिक्स्चर स्क्रू फिरवला आणि दरवेळी बिल लावलं. तो स्क्रू फक्त स्लोचा आहे! चालत्या गाडीच्या धुराशी त्याचा काही संबंध नाही. जो माणूस रोग न विचारता पहिल्यांदा त्या स्क्रूला हात घालतो, त्याच्याकडे जीप सोडू नका.

मला बाहेर काढलं ते खडकीच्या एका काकांनी. लष्करातून निवृत्त, आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेले. मी सगळी यादी वाचली, हे बदललं, ते बदललं. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, “चढावर धूर येतो का रे?”

“नाही काका, चढावर मस्त चालते.”

“मग जास्त पेट्रोल लागतं तिथे बरोबर आणि कमी लागतं तिथे जास्त. कमी कोण करतं?”

मी गप्प. त्यांनी माझ्या हातात छोटा पेचकस दिला आणि झाकण उघडायला लावलं. रॉड बाहेर आला तो चंद्रकोरीसारखा. काका काही बोलले नाहीत, चहा सांगितला. गुरू निवडायचा तर असा निवडा, पाना उचलण्याआधी प्रश्न विचारणारा. व्हिडिओ बघून शिकता येतं, मीही बघतो. पण चढावर धूर येतो का, हे व्हिडिओ तुम्हाला विचारत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. खोलताना रॉडची बारीक स्प्रिंग सोडवून रॉड आधी वर काढून घ्या, मगच झाकणाचे स्क्रू. जोडताना उलट: झाकण बसवून घ्या, स्क्रू आवळा, आणि रॉड अगदी शेवटी वरून एकटा सोडा, दोन बोटांत धरून. भोकात उतरला की हाताला कळतं. तो काही अडथळा न लागता आपल्याच वजनाने खाली सरकतो. काठावर टेकला तर टक्क असा थांबतो. थांबला तर दाबू नका, गोल फिरवून पुन्हा सोडा. वाकलेला रॉड सरळ करायचा मोह होईल, मलाही झाला. फेकून द्या. त्याची जाडी हजारांश इंचात मोजलेली असते, पकडीचा एक ओरखडासुद्धा त्याला पुरे.

रॉडची उंचीही बघायची असते. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घ्या म्हणजे थ्रॉटलची झडप खरोखर बंद होईल, रॉडच्या जागी त्याचा गेज (उंची मोजायची कांडी) जेटमध्ये उभा करा, दांड्याची पिन गेजच्या खांद्याला जेमतेम टेकली पाहिजे. टेकत नसेल तर दांडा किंचित वाकवून जुळवतात. गेज उसना आणा, अंदाजाने करू नका.

बाकीचं त्या मानाने सोपं आहे, घाबरायचं काही कारण नाही. फ्लोटचं माप ३/८ इंच, साडेनऊ मिलिमीटर. झाकण उलटं धरायचं, पॅकिंग काढून, फ्लोट स्वतःच्या वजनाने नीडलवर टेकू द्यायचा आणि त्याच्या मोकळ्या टोकाचं झाकणापासूनचं अंतर मोजायचं. त्या मापाचा ड्रिल बिट मध्ये सरकवून बघितला तरी चालतं. पॅकिंग ठेवून मोजलं तर माप चुकतं. माप जुळवायला फ्लोट बोटाने दाबून त्याची पत्ती वाकवू नका, नीडलचं टोक खराब होतं. फ्लोट उचलून पत्तीच वाकवा. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे, आणि मग कितीही माप जुळवा, ओव्हरफ्लो थांबणार नाही.

पंपाची चामडी टोपी वाळून आक्रसली असेल तर पाय दाबल्याबरोबर गाडी क्षणभर अडखळते. नवी टोपी हलक्या तेलात रात्रभर भिजवा, कडा बोटांनी उमलवून मगच आत घाला. जेटमध्ये तार घालू नका. अगदी एकदाही नाही, कोणी कितीही अनुभवी माणूस सांगू दे. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि झालेलं कोणाला दिसत नाही. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, पुन्हा भिजवा.

वाटी आणि झाकण जस्ताच्या मिश्रधातूचं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. चार महिने उभ्या ठेवलेल्या गाडीची वाटी मी उघडली तर तळाशी पांढरट भुकटी साचलेली. पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर वाटी रिकामी करून ठेवा. झाकणाच्या खालची बाजू काचेवर ठेवून बघा. कोपरा डुगडुगला तर कोणीतरी पूर्वी स्क्रू फार आवळलेत. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून हळूहळू घासून सपाट करता येतं.

थ्रॉटलची शाफ्ट वरखाली खेळत असेल तर मात्र तिथून हवा ओढली जाते, आणि मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवा, स्लो लागत नाही. हे घरी होणारं काम नाही. लेथवाल्याकडे नेऊन बुश बसवून घ्या. खर्च होईल, पण एकदाच.

माझ्या गाडीला नवा रॉड टाकल्यावर पुन्हा घाट चढून वर गेलो. सासवडच्या अलीकडे थांबून गरम प्लग काढले, तर चिनीमातीवर विटकरी-करडा रंग. काकांना फोन केला. म्हणाले, “पन्नास किलोमीटर झाले की झाकणाचे स्क्रू परत बघ, नवं पॅकिंग दबतं, ते सैल पडतात. आणि जोर दोन बोटांचाच लाव.” बघितले. सहातले दोन खरोखर सैल होते.