सन कोरलला प्रकाश नाही, घास लागतो
नारिंगी देठ आणि त्यांवर पिवळ्याधमक पाकळ्यांसारखे पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे तोंड असलेले छोटे जीव, असतील, तर तो बहुधा सन कोरल, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळला जाणारा ट्युबास्ट्रिया प्रवाळ. दुकानात तो बहुतेकदा मिटलेला दिसतो, कारण तो मुळात रात्री उघडणारा. मिटलेला आहे म्हणून नाकारू नका. पॉलिपांच्या मधली कातडी पाहा. ती भरीव, सलग असेल तर कोरल ठीक आहे. पांढरा सांगाडा उघडा पडला असेल तर तो बराच काळ उपाशी आहे.

याच्या शरीरात प्रकाशावर अन्न बनवणारे शैवाल नसते, त्यामुळे महागडा दिवा त्याचे पोट भरत नाही. मायसिस किंवा ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले मिळतात) वितळवून, आधी त्याचे थोडे पाणी कोरलवर सोडा. वासाने पॉलिप हळूहळू उघडतात. नव्या कोरलला अर्धा तासही लागू शकतो, घाई करू नका. मग टाकीतले पाणी फिरवणारा पंप बंद करून पिपेटने प्रत्येक पॉलिपच्या तोंडाशी घास ठेवा. हे प्रत्येकाला द्यावेच लागते, एकदोघांना देऊन भागत नाही. मासे आणि कोळंब्या तोंडातला घास हिसकावतात, म्हणून कापलेल्या बाटलीचा घुमट कोरलवर झाकणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. आठवड्यातून दोनतीनदा हे जमणार नसेल, तर हा कोरल घेऊच नका.

उरलेले अन्न लगेच ओढून काढा, नाहीतर ते कुजून पाण्यात नायट्रेट हा अपायकारक क्षार वाढतो. नेहमी ठरलेल्या वेळी खाऊ घातले तर काही आठवड्यांत तो दिवसाही उघडू लागतो.