टॅकोचा काटा मध्येच पडतो तेव्हा

लहान विमानातला टॅको, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं मीटर, मध्येच शून्यावर गेला की बहुतेक जण आधी नवं मीटर मागवतात. मी मीटरला सगळ्यात शेवटी हात लावते, कारण दोष बहुधा वायर, जोड किंवा केबलमध्ये निघतो.

पहिला निवाडा हा की बिघडलंय काय, मीटर की इंजिन? काटा २४०० वरून एकदम शून्यावर आला आणि आवाज तसाच एकसंध राहिला, तर इंजिन ठीक आहे. फिरता प्रोपेलर असा क्षणात थांबून पुन्हा वेग घेऊ शकत नाही. पण काट्याबरोबर आवाजही डगमगला, तर टॅको विसरा. इंधन आणि इग्निशन तपासा आणि तोवर उडू नका. कानावर भरवसा नसेल तर कॉकपिटमधूनच ऑप्टिकल टॅको (प्रकाशावरून पात्यांचे फेरे मोजणारं हातातलं यंत्र) प्रोपेलरवर रोखा. पात्यांची संख्या त्यात बरोबर भरा. रोटॅक्स ९१२ यूएलएस या इंजिनाला गिअरबॉक्स असतो आणि प्रोपेलर इंजिनापेक्षा हळू फिरतो, म्हणून मिळालेला आकडा २.४३ ने गुणा.

केबलवर चालणारा टॅको असेल तर काम सोपं. काटा सतत झुलत असेल तर केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी तीव्र वळणात अडकते. आतली तार बाहेर काढा, पुसा, तुटलेले धागे बोटांनी चाचपा, चौकोनी टोकं झिजलीत का पाहा. ग्रीस अगदी पातळ लावा आणि मीटरकडचं टोक कोरडं ठेवा, नाहीतर ते मीटरमध्ये चढतं.

इलेक्ट्रॉनिक टॅको बऱ्याचदा मॅग्नेटोच्या पी-लीडवरून सिग्नल घेतो. मॅग्नेटो म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग; डावा आणि उजवा असे ते दोन असतात. पी-लीड म्हणजे त्यापासून स्विचकडे जाणारी वायर; स्विचने ती अर्थला जोडली की मॅग्नेटो बंद होतो. इथे मॅग्नेटोचा स्विच हेच सर्वात चांगलं हत्यार. रन-अपमध्ये (उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन चालवून तपासताना) स्विच डावीकडे केला की उजवा मॅग्नेटो बंद होतो. दोन्हींकडून सिग्नल घेणारा टॅको फक्त डाव्यावर उड्या मारत असेल, तर दोष डाव्या बाजूच्या वायरीत. दोन्हींवर तसंच होत असेल तर मीटरचा वीजपुरवठा आणि अर्थिंग तपासा. एकाच मॅग्नेटोवर जोडलेला टॅको तो बंद करताच शून्य दाखवतो. तो बिघाड नव्हे.

आता माझी कळकळीची विनंती. पी-लीड तुटली असेल तर स्विच बंद करूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि प्रोपेलर हाताने हलवला तरी इंजिन सुरू होऊ शकतं. प्रोपेलर कायम जिवंतच समजा. टॅकोची वायर विमानाच्या धातूला टेकून अर्थ झाली तर उलट मॅग्नेटोच बंद पडतो. म्हणून टॅकोच्या वायरीतला रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा भाग) मॅग्नेटोच्या टोकाशीच हवा, मीटरजवळ नको. हे काम परवानाधारक इंजिनिअरकडूनच करून घ्या आणि लॉगबुकात नोंदवा.

वायर तपासताना इंजिन बंद ठेवा, मल्टिमीटर लावा आणि वायर हलकेच वाकवत जा. ती फायरवॉलमधून (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीतून) जाते तिथे आणि लगच्या क्रिम्पपाशी (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडापाशी) जास्त वेळ द्या, कारण आवरण शाबूत दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. बिघाड इंजिन तापल्यावरच येत असेल तर गार होण्याआधी मोजा. रेडिओचं बटण दाबल्यावर काटा उडत असेल तर संशय शिल्ड (वायरीभोवतीचं धातूचं संरक्षक आवरण) आणि अर्थिंगवर.

एवढं करूनही काटा पडतोच, तर मीटर बदला. चार सिलिंडरच्या इंजिनात मॅग्नेटो दर फेऱ्याला दोन पल्स देतो, सहाच्या इंजिनात तीन. नव्या मीटरमध्ये तेवढं सेट करा आणि आयडल (इंजिनाचा सर्वात कमी वेग), रन-अप व पूर्ण थ्रॉटल अशा तिन्ही ठिकाणी ऑप्टिकल टॅकोशी ताडून पाहा.