बांधकाम परवानगी: नकाशाआधी जागेचे कागद

बार्शी, सांगोला, करमाळा, मोहोळ, कुर्डुवाडी अशा गावांत घर बांधायचं ठरलं की लोक आधी नकाशा काढून घेतात, गवंड्याशी दर ठरवतात, बोअर पाडतात आणि सगळ्यात शेवटी नगरपरिषदेत फाइल टाकतात. हा क्रम उलटा आहे. छोट्या गावातली फाइल नकाशामुळे कमी आणि जागेच्या कागदांमुळे जास्त अडते. नकाशा दोन दिवसांत दुरुस्त होतो, सातबाऱ्यावरचं मयत आजोबांचं नाव दोन दिवसांत उतरत नाही.

सुरुवातीला परवानगी कोण देणार ते पाहा. नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो आणि छाननी रचना सहायक किंवा नगर अभियंता करतो. हद्दीबाहेर गावठाणात ग्रामपंचायत, आणि गावठाणाबाहेरच्या जमिनीत जिल्हाधिकारी, म्हणजे व्यवहारात महसूल आणि नगर रचना कार्यालय. सोलापूर शहरातल्या जागेला महानगरपालिका. हद्दवाढ झालेल्या भागात मालकाला आपण कुठे मोडतो हेच अनेकदा ठाऊक नसतं. ग्रामपंचायतीची जुनी परवानगी दाखवून नगरपरिषदेच्या हद्दीत नवा मजला चढवता येत नाही. नियमावली मात्र आता बहुतेक ठिकाणी एकच आहे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. परवानगीचा मूळ कायदा १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम.

जागा कागदावर स्वच्छ करणे

मालकीसाठी चालू सातबारा किंवा सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक लागतं. घरपट्टीचा उतारा मालकीचा पुरावा नाही. तो फक्त कर कोण भरतो ते सांगतो. जुन्या गावठाणात हाच घोटाळा जास्त होतो: घरपट्टी धाकट्या भावाच्या नावावर, मालमत्ता पत्रकावर अजून वडील. आधी वारस नोंद, मग फेरफार मंजूर, मग नवा उतारा. चार भावांची नावं असतील तर चौघांचं संमतीपत्र, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र. पुण्याला राहणाऱ्या भावाची सही 'नंतर आणतो' म्हणून टाकलेली फाइल पहिल्याच छाननीत परत येते.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. ती जमीन अटीची असते, इनाम, देवस्थान, वतन किंवा शासनाने दिलेली. महसूल विभागाची परवानगी किंवा वर्ग १ मध्ये रूपांतर झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंढरपूर, अक्कलकोट यांसारख्या देवस्थानाच्या गावांत प्लॉट घेण्याआधीच सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना वाचावा.

शेतजमिनीतून पडलेला प्लॉट असेल तर मंजूर लेआउट आणि बिनशेतीचे कागद लागतात. विकास आराखडा (कुठे रस्ता, कुठे घरं, कुठे आरक्षण ते ठरवणारा गावाचा नकाशा) मंजूर असलेल्या भागात आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळा बिनशेती आदेश लागत नाही, पण त्यासाठीची रक्कम सरकारजमा करावी लागते. ती भरली नाही आणि 'आता एन.ए. (बिनशेती) लागत नाही' एवढंच ऐकून फाइल टाकली, तर त्रुटीपत्र ठरलेलं.

गुंठेवारीचा (मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेला) प्लॉट असेल तर आधी नियमितीकरण. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासाला ती संधी मिळाली. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या जागेवर मात्र परवानगीची आशा धरू नये. जागा विकत घेऊन ज्याच्याकडे नोंदणीकृत खरेदीखत नाही, त्याच्यासाठी खालचं काहीच उपयोगाचं नाही.

आता मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, फी वेगळी. मोजणीआधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, मोजणीच्या दिवशी त्यांनी हजर राहून सही केली तर उत्तम. हाती येते ती 'क' प्रत. नकाशा हिच्यावरूनच काढायचा, खरेदीखतातल्या मापांवरून नाही. खरेदीखतात ३० बाय ४० फूट लिहिलेला प्लॉट जागेवर २९ बाय ३९ भरणं काही नवल नाही, आणि मग कागदावरचं सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा) जागेवर बसत नाही. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवून काँक्रीट करून घ्या. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते.

मोजणीसोबतच झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मागून घ्या. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: जागा रहिवासी विभागात आहे का, आरक्षण आहे का, आणि समोरचा रस्ता आराखड्यात किती रुंद दाखवलाय. तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. समोरचा बोळ ६ मीटरचा आणि आराखड्यात ९ मीटर असेल, तर सहसा तुमच्या बाजूने दीड मीटर जागा रस्त्यात जाते. ३० फूट तोंडाच्या प्लॉटवर ही जवळपास पावणेचौदा चौरस मीटर झाली. पुढचं सामासिक अंतर कंपाउंडपासून मोजायचं नसतं, या रुंद झालेल्या रस्त्याच्या हद्दीपासून मोजायचं असतं. रस्त्यात गेलेल्या क्षेत्राचा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) मिळू शकतो, पण ते क्षेत्र रीतसर नगरपरिषदेच्या ताब्यात द्यावं लागतं.

आणखी कोणाचा ना हरकत दाखला लागेल

बहुतेकांना लागत नाही. ज्यांना लागतो त्यांचे मात्र दोन-तीन महिने त्यातच जातात. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत जागा असेल (कुर्डुवाडी, मोहोळ, दुधनीकरांनी हे पाहावंच) तर रेल्वेचा. राष्ट्रीय महामार्गाला लागून असेल तर महामार्ग विभागाचा, कारण तिथे इमारत रेषा वेगळी असते. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्व विभागाची परवानगी.

नदीकाठची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. पंढरपुरात चंद्रभागा, माढा-मोहोळकडे सीना. सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर पाहिल्यावर हे समजावण्याची गरज उरली नसावी. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळी रेषा यांमध्ये घराला परवानगी मिळत नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींसह मिळू शकते, त्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवण्याची अट असते. म्हणून अशा जागेच्या नकाशावर पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये लिहून घ्या. 'रस्त्यापासून तीन फूट वर' हे उत्तर चालत नाही.

वीजवाहिनीला दाखला लागत नसला तरी अंतर लागतं. ११ केव्हीच्या तारेपासून आडवं १.२ मीटर, ३३ केव्हीपासून २ मीटर, आणि दोन्हींखाली उभं ३.७ मीटर. तार झोल खाते, वाऱ्यात हलते. स्लॅबवर सळई उभी करताना मजुराचा जीव जातो तो याच अंतरात. तार हलवायची असेल तर महावितरणकडे अर्ज फाइलच्या आधी टाका.

प्लॉटचं माप आणि फाइलचा प्रकार

यूडीसीपीआरमध्ये छोट्या प्लॉटना सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने सही केलेला नकाशा, कागदपत्रं आणि शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला १० दिवसांत परवानगीची तरतूद आहे. त्यावरच्यांना नेहमीची छाननी.

आता गंमत पाहा. दीड गुंठा म्हणजे १५१.७६ चौरस मीटर. पावणेदोन चौरस मीटरसाठी प्लॉट वरच्या गटात जातो. 'क' प्रतीत नेमकं क्षेत्र किती आलंय ते म्हणूनच महत्त्वाचं. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट १३९.३५ चौरस मीटर, तो आरामात पहिल्या गटात बसतो.

पावती म्हणजे परवानगी याचा अर्थ काहीही बांधा असा नाही. नियम सगळे तेच, फक्त तपासणारा बदलला. जबाबदारी मालकाची आणि सही करणाऱ्याची. म्हणून स्वस्तात सही विकणाऱ्यापासून लांब राहा.

नकाशात काय चुकतं

अर्ज ऑनलाइन प्रणालीतून जातो. नकाशा ठरलेल्या लेअरमध्ये काढलेला नसेल तर संगणकच तो नाकारतो. इमारतीचे आराखडे १:१०० प्रमाणात. प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या रेघांनी, अस्तित्वातला रस्ता हिरवा. जुना माळवदाचा वाडा पाडून बांधणार असाल तर पाडकाम नकाशावर दाखवा आणि सामाईक भिंत कोणाची, ते शेजाऱ्याकडून लेखी घ्या. मधली भिंत पाडल्यावर शेजाऱ्याचं माळवद कोणाच्या तुळईवर टेकलंय ते कळतं, आणि मग काम पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जातं.

दाटवस्तीबाहेर रहिवासी बांधकामाला मूळ एफएसआय १.१०. ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटला (१११.४८ चौ.मी.) १२२.६ चौ.मी. येतो. जुन्या पद्धतीचे लोक अजून जिना, बाल्कनी सोडून क्षेत्र मोजतात. आता बाहेरच्या रेषेच्या आतलं जवळपास सगळं मोजलं जातं आणि त्याची भरपाई म्हणून अधिमूल्य (जादा शुल्क) भरून मूळच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे पूरक, एफएसआय मिळतो. बाल्कनीसह घराचं क्षेत्र वर गेलं तर घर लहान करण्याआधी या अधिमूल्याचा हिशोब मांडून पाहा.

राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर. जमिनीची जाडी धरून नाही, फरशीपासून स्लॅबच्या खालपर्यंत. हद्दीवर घेतलेल्या भिंतीत खिडकी दाखवू नका. भुयारी गटार नसलेल्या गावात शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा, शेजाऱ्याची विहीरही धरायची. सेप्टिक टाकीची आतली रुंदी किमान ७५ सेंटीमीटर, पाण्याच्या पातळीखाली खोली १ मीटर आणि क्षमता १ घनमीटर. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय दाखवणं सक्तीचं आहे. छोट्या प्लॉटला सक्ती नाही, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोअरचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला झेरॉक्स दुकानातून मिळणारा कागद नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या जिल्ह्यालाही हादरवून गेला, आणि त्याहून रोजचा शत्रू म्हणजे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा पक्क्या थरापर्यंत गेला नाही तर दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. चाचणी खड्डा नकाशाआधी घ्या, पायाची खोली त्यावरून ठरू द्या.

पैसे

विकास शुल्क रेडीरेकनरच्या (सरकारी दर तक्त्याच्या) जमीन दरावर निघतं: रहिवासासाठी जमिनीला अर्धा टक्का, बांधकामाला २ टक्के. समजा दर चौरस मीटरला ५,००० रुपये, प्लॉट १२० आणि बांधकाम ११० चौ.मी. जमिनीचे ३,००० आणि बांधकामाचे ११,००० रुपये. यावर छाननी शुल्क आणि घेतलं असेल तर अधिमूल्य. कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का, स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ५० लाखांपर्यंत असेल तर तो लागत नाही (नोव्हेंबर २०२५ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती).  चलन भरल्यावर पावतीवरचं नाव, गट किंवा सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर आणि क्षेत्र तिथेच तपासा. घरपट्टी थकीत असेल तर अर्जाआधी भरून टाका, त्याच्यासाठी फाइल अडवून घेण्यात अर्थ नाही.

अर्जानंतर

आवक क्रमांक जपा. त्रुटीपत्र आलं तर प्रत्येक मुद्द्याला क्रमाने लेखी उत्तर द्या. अर्धवट उत्तर दिलं की दुसरं त्रुटीपत्र येतं. नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, पण बांधकाम नियमात बसत असेल तरच. या मानीव परवानगीवर नियमाबाहेरचा मजला टिकत नाही. दिरंगाईसाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करता येतं, परवानगी नाकारली तर नगररचना कायद्याच्या कलम ४७ खाली.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, एक वर्ष चालतं. वर्षाच्या आत काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण, एका वेळी एक वर्ष, जास्तीत जास्त आणखी तीन वेळा. लग्नाचा मुहूर्त, उसाचं बिल, बँकेचा हप्ता यांत वर्ष सहज निघून जातं. मुदत संपायच्या महिनाभर आधी अर्ज टाका.

जोत्यापर्यंत काम आलं की अभियंत्याला बोलावून मापं तपासून घ्या आणि नगरपरिषदेला कळवा. चूक इथे सापडली तर चार फूट भिंत पाडावी लागते, स्लॅबनंतर सापडली तर कॉलम. काम चालू असताना 'एक खोली वाढवू' असा विचार आला तर सुधारित नकाशा आधी. न सांगता वाढवलेल्या भागावर नोटीस येते, करात शास्ती लागते आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेलं घर वापरण्याचा दाखला) अडतं.

भोगवटा प्रमाणपत्र छोट्या गावात बहुतेक जण घेतच नाहीत, आणि घर विकताना किंवा कर्ज बदलताना हाच कागद बँक पहिला मागते. पूर्णत्वाचा दाखला अभियंत्याकडून घ्या, झालेल्या कामाचा नकाशा जोडा. तपासणीला माणूस आला की तो सामासिक अंतर, मजले, जिना, सेप्टिक टाकी आणि मंजूर नकाशातली प्रत्येक अट पाहतो. मागच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकून केलेलं न्हाणीघर तेव्हा काढलेलं असू द्या. भोगवट्याची प्रत जोडून घरपट्टीची नवी आकारणी आणि नळजोडणीचा अर्ज एकत्रच टाका. शिक्क्याचा मूळ नकाशा घडी न घालता नळीत गुंडाळून ठेवा. घडीवरची शाई उडाली की सही आणि माप दोन्ही वाचता येत नाहीत.