बारोलो आणि रिओहा: बाटली चुकीच्या वेळी उघडू नका

बारोलो ही इटलीच्या पिएमोंत भागातली लाल वाइन. एकाच गावची, एकाच सालाची, नेबिओलो या एकाच द्राक्षाची बारोलो घ्या. एक बाटली आठव्या वर्षी मजेत पिता येते. दुसरी तेव्हाच उघडली तर कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ कोरडी पडते. हा फरक उत्पादकाच्या तळघरात ठरलेला असतो. तरी बाटली कधी उघडायची हे आपण लेबलवरच्या सालावरून ठरवतो, आणि तिथेच फसतो.

साल पाहिलं, पद्धत पाहिली नाही

पारंपरिक बारोलोत द्राक्षांच्या साली महिना ते दोन महिने रसात राहतात. नंतर ती वाइन क्रोएशियातल्या स्लाव्होनियाच्या ओकच्या मोठ्या, जुन्या पिंपांत जाते. २,५०० लिटरपासून १०,००० लिटरपर्यंतची ही पिंपं, म्हणजे लाकडाची चव जवळजवळ उतरत नाही; हवा तेवढी हळूहळू लागते. सालींतून आलेला तुरटपणा मऊ व्हायला वर्षं जातात.

१९८० च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी हे सगळं उलटं केलं. एलिओ आल्तारेने १९८३ मध्ये वडिलांची पिंपं थेट यांत्रिक करवतीने कापली. या मंडळींनी साली आठवडा-दहा दिवसांतच काढल्या, फिरत्या टाक्या आणल्या आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं, म्हणजे बॅरिक, वापरली. वाइन गडद झाली, तिला व्हॅनिला-चॉकलेटचा वास आला आणि ती लवकर पिण्याजोगी झाली. पारंपरिक बाजूच्या बार्तोलो मास्कारेल्लोने हाताने रंगवलेल्या लेबलवर ‘नो बॅरिक, नो बेर्लुस्कोनी’ (बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे राजकारणी) असं लिहून उत्तर दिलं.

कायद्यानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. पिंप केवढं असावं याचं बंधन नाही, त्यामुळे बाटलीवरून पद्धत कळत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरचं माहितीपत्रक पाहा. ‘बोत्ते’ म्हणजे मोठं पिंप, ‘बॅरिक’ म्हणजे छोटं, ‘तोनो’ साधारण ५०० लिटरचं. साली किती दिवस ठेवल्या तेही बहुधा दिलेलं असतं. आज अनेक जण मधला मार्ग काढतात. एके काळचे कट्टर आधुनिकही मोठ्या पिंपांकडे वळलेत.

ढोबळ हिशोब असा: आधुनिक बारोलो सालापासून ६ ते १२ वर्षांत प्या. पारंपरिक असेल आणि साल २०१०, २०१३ किंवा २०१६ सारखं भक्कम असेल, तर १२ वर्षांच्या आत हात लावू नका. खरी रंगत १५ ते २५ मध्ये. पावसाळी २०१४ किंवा उष्ण २०१७ साठी इतकं थांबायची गरज नाही. आजच प्यायची असेल तर लांगे नेबिओलो घ्या. द्राक्ष तेच, किंमत बरीच कमी, दोन ते पाच वर्षांत तयार.

फिका रंग म्हणजे बिघाड, हा गैरसमज

नेबिओलोचा रंग मुळातच फिका, आणि कडेला विटकरी छटाही लवकर येते. तो दोष नव्हे. तळाचा गाळही दोष नव्हे.

रिओहात उलटी चूक

स्पेनच्या रिओहात पारंपरिक घराणी मुरवण्याचं काम स्वतःच करून देतात. ग्रान रेसेर्व्हा ही मुरवण्याची सर्वांत वरची श्रेणी; ती किमान पाच वर्षांची झाल्यावरच बाजारात येते, त्यातली दोन वर्षं पिंपात. लोपेझ दे एरेदियासारखे उत्पादक त्याहून कितीतरी जास्त थांबतात. अमेरिकन ओकमुळे तिला नारळ, शेपू, व्हॅनिला असा वास येतो. ती घरी आणून आणखी दहा वर्षं ‘तयार होऊ द्यायची’ गरज नसते.

आधुनिक रिओहा गडद असते आणि बहुधा नव्या फ्रेंच ओकमधली. पुष्कळदा तिच्यावर क्रिआन्सा, रेसेर्व्हा या मुरवण्याच्या श्रेणींतलं काहीच नसतं, नुसतं साल असतं. म्हणून ती स्वस्तातली समजू नका. उत्पादकाला त्या नियमांत बसायचं नसतं इतकंच. तीन-चार वर्षांची असताना ती लाकूडच लाकूड लागते. सहाव्या वर्षापासून फळ वर येतं.

‘रूम टेंपरेचर’वर विश्वास

हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. मुंबईच्या ३० अंशांत ओतलेली १४ टक्क्यांची बारोलो नाकात अल्कोहोल मारते. १६ ते १८ अंश हवेत. ३० अंशांची बाटली तिथवर आणायला फ्रिजमध्ये साधारण दीड-दोन तास लागतात, बर्फ-पाण्याच्या बादलीत १२ ते १५ मिनिटं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिली तर उलट होतं: थंडीत तुरटपणा टोचतो आणि वास दबतो. मग ती थोडा वेळ बाहेर ठेवा.

साठवणीतही तोच शत्रू. फ्रिजच्या डोक्यावर किंवा माळ्यावर दोन उन्हाळे काढलेली बाटली पारंपरिक असो की आधुनिक, शिजते. बूच वर सरकलेलं किंवा कडेने वाइन झिरपलेली दिसली की समजून जा. सतत १२ ते १४ अंश ठेवणारं कपाट नसेल, तर महाराष्ट्रात मुरवण्याच्या भानगडीत पडू नका. परदेशातून येताना दोन लिटरच्या सवलतीत ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात. त्या जागी तयार ग्रान रेसेर्व्हा आणणं शहाणपणाचं.

सगळ्यांना एकाच मापाने डिकँट करणं

तरुण पारंपरिक बारोलोला डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, तीन-चार तास द्या. आधुनिकला तासभर पुरे. त्याहून जास्त हवा दिली तरी ओकचा वास जात नाही, तो फक्त वर्षांनी मिसळतो. पंचवीस वर्षांवरची बाटली मात्र नाजूक. एक-दोन दिवस आधी ती उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. बूच दोनशूली (कडेने दोन पाती सरकवायच्या) ओपनरने काढा, कारण जुनं बूच स्क्रूवर भुगा होतं. मानेखाली टॉर्च धरून एका दमात सावकाश ओता आणि गाळाची रेघ मानेशी आली की थांबा. खाली अर्धा पेलाभर राहील, राहू द्या. जुनी रिओहा तर ओतल्या-ओतल्या प्यायला घ्या, तासाभरात तिचा वास उतरू शकतो.

तांबड्या रश्श्यासोबत बारोलो

तिखटाने अल्कोहोल जळजळतं आणि तुरटपणा दुप्पट वाटतो. चरबी आणि प्रथिनं मात्र तो मऊ करतात, म्हणून पिएमोंतमध्ये बारोलोतच शिजवलेलं बीफ आणि रिओहात द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापा. आपल्याकडे बेताच्या मसाल्याचं सुकं मटण किंवा भाजलेल्या चापा चालतील. बांगड्यासोबत नको; तोंडात धातूची चव येते.

बिघाड ओळखताना

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधित आहे, आणि त्यावर हवेचा इलाज नाही. बाटली दुकानात परत करा. सडक्या अंड्याचा हलका वास मात्र डिकँट केल्यावर बहुतेकदा उडतो. तबेल्याचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. जुन्या पिंपांच्या वाइनमध्ये तो थोडा असला तर काहींना आवडतोही, पण फळ झाकून टाकत असेल तर तो दोषच. आणि वाइन नुसतीच मुकी, वासही नाही नि फळही नाही, असं झालं तर ती बिघडलेली असेलच असं नाही. पाच ते आठ वर्षांच्या पारंपरिक बारोलोचं असं होतं. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा.