गोठ्यात माशांचं आमिष ठेवण्याआधी

पावसानं उघडीप दिली की गोठा माशांनी भरतो आणि आपण दुकानातून माशा मारायच्या गोड, विषारी आमिषाचं पाकीट घेऊन येतो. गेल्या वर्षी मीही तेच केलं. दोन दिवसांत डब्याभोवती मेलेल्या माशांचा थर पडला, पण धारेच्या वेळी म्हैस पाय आपटायची ती आपटतच राहिली, दूधही घटलं. म्हणून पाकीट नंतर फोडा.

आधी माशी ओळखा. जनावराच्या पुढच्या पायावर बसलेली माशी अगदी जवळून बघा. दिसायला घरमाशीच, पण तोंडापुढे सुईसारखी ताठ काळी सोंड असेल तर ती चावरी. नर-मादी दोन्ही रक्त पितात. आमिषातल्या गोडाला घरमाशी भुलते, चाटते, मरते. चावरी तिकडे फारशी फिरकत नाही. गोठ्यात दोन्ही असतात, त्यामुळे मेलेल्या माशांचा खच बघून आपण फसतो.

आता माझ्याकडून राहिलेली गोष्ट: गव्हाणीखालचा ओला चारा. सांडलेली कुट्टी, त्यात मूत, थोडं शेण, सगळं कोपऱ्यात दबून कुजतं आणि चावरी माशी तिथेच अंडी घालते. वरून कोरडं दिसतं म्हणून कुणी हात लावत नाही. मी खुरप्यानं चार बोटं उकरलं तर खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, तपकिरी कोष दाण्यांसारखे चिकटलेले. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, म्हणून दर आठवड्याला गव्हाणीखाली साफ करायचंच. हौदाभोवतीचा चिखल, मुताची नाली, कडब्याच्या गंजीचा भिजलेला बूड, तेही बघा. काढलेलं ढीग घालून ठेवू नका, उन्हात पातळ पसरा; वाळलं की अळी जगत नाही. शेण रोज उचलतो असं म्हणाल. शेणाचं नाही म्हणत मी, गव्हाणीखालच्या चाऱ्याचं म्हणतेय!

आमिष घरमाशीसाठी जरूर ठेवा, पण उघड्यावर विखरू नका. कोंबड्या दाणे समजून टिपतात, वासरू चाटतं, कुत्रं हुंगतं. भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात घालून उंच टांगा. गव्हाण, हौद आणि दुधाच्या किटल्यांपासून लांब. हातमोजे घाला. भिजलं की बदला. वर्षानुवर्षं एकच औषध वापरलं तर माशा त्याला दाद देत नाहीत, तेही अधूनमधून बदला.

चावरीसाठी जनावराच्या अंगावर किंवा भिंतीला काय मारायचं, किती पातळ करायचं, त्या दिवसांतलं दूध वापरायचं की नाही, हे पशुवैद्यकांनाच विचारा. आमिष पाण्यात कालवून अंगाला लावणं तर अजिबात नको, ते विष आहे. २०२२ ची लम्पीची साथ विसरू नका. चावऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो रोग पसरतो, तेव्हा यात चालढकल परवडत नाही.

बाकी थोडक्यात: मेलेल्या माशा कोंबड्यांच्या आधी झाडून घ्या, उरलेलं पाकीट मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलपात ठेवा, धारेच्या वेळी पंखा लावा. आणि डबा टांगायच्या आदल्या दिवशी गव्हाणीखाली खुरपं घाला, अगदी कोपऱ्यापर्यंत.