साकव बांधताय? परवानगीच्या या चुका टाळा

दोन्ही काठांची जमीन आपली, म्हणजे मधला वहाळही (ओढाही) आपलाच, हा समज कोकणात खोल रुजलाय. साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, पलीकडच्या कलमी झाडांपर्यंत टेम्पो न्यायचा असतो. दिवाळी झाली की माणसं जेसीबी बोलावतात आणि कागद मागाहून बघू म्हणतात. कळकळीने सांगतो, असं करू नका.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी-नाल्यांचं, ओढ्यांचं पात्र सरकारचं असतं. खाजगी मालकी असेल तर ती सिद्ध करावी लागते. सातबाऱ्यावर नुसता आकार आणि क्षेत्र बघून भागत नाही, पोटखराब 'वर्ग ब' मध्ये, म्हणजे रस्ते, ओढे अशा लागवडीबाहेरच्या सार्वजनिक जागांत, काय टाकलंय तेही वाचा. गाव नकाशाही काढा. वहाळाचा पट्टा दोन रेघांत वेगळा दाखवलेला असेल आणि त्यात गट नंबर नसेल, तर तुमचा साकव तुमच्या हद्दीबाहेर चाललाय असं समजा. मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) हातात पडेपर्यंत मी कोणाला खुंटीसुद्धा मारू देत नाही. उशीर होतो म्हणून लोक चिडतात. चिडू देत.

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारांनी दोन सिमेंटचे पाइप टाकून वर मातीचा भराव घातला. "घाला हो, कोण विचारतंय" असं त्यांना कचेरीत कोणीतरी तोंडी सांगितलेलं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पाला, फांद्या, माडाची झापं पाइपांच्या तोंडाशी अडकली. पाणी तुंबून वरच्या शेजाऱ्याच्या खाचरात चढलं आणि नुकतीच लावलेली रोपं कुजली. शेजाऱ्याने मामलेदार कोर्ट अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावला. हा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे नुकसान झालेला माणूस थांबत नाही. त्या कलमात प्रश्न असतो तो कायद्याच्या अधिकाराशिवाय घातलेल्या अडथळ्याचा. परवानगी दाखवा म्हटल्यावर या गृहस्थांकडे चिठोराही नव्हता. भराव त्यांना स्वखर्चाने काढावा लागला.

म्हणून तोंडी होकाराला मी शून्य किंमत देतो. अर्ज तहसीलदारांकडे, प्रत पाटबंधारे खात्याला, आणि प्रत्येक ठिकाणी आवक शिक्क्याची पोच. त्याआधी वरच्या आणि खालच्या खातेदारांची लेखी संमती घ्या, तीही चहा पिऊन, नीट बसून. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे परवानगी नव्हे.

वहाळ खाडीला मिळतो तिथे तर घाई अजिबात नको. पावसाळ्यात पाणी गोडं लागलं म्हणून "इथे सीआरझेड कसला" असं ठरवणारे बरेच भेटतात. सीआरझेड म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला किनारी पट्टा, आणि तो खाडीकाठीही असतो. भरतीचा प्रभाव ठरतो तो वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळातल्या खारेपणावर, हजार भागांत पाच भाग क्षार या मापाने. म्हणजे निकाल ऑगस्टच्या पाण्यावर नाही, मे महिन्याच्या पाण्यावर. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत अशा खाडीकाठाला 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते, नियंत्रणात येतं. तिथलं प्रकरण सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातं. काठावर चिपी, तिवर अशी कांदळवनाची (खारफुटीची) झाडं दिसली तर कोयता खाली ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवन तोडीवर कडक बंदी घातली आहे. मी अशा वेळी जागाच वर सरकवायला सांगतो. वळसा पडतो, पण काम होतं.

वहाळातली वाळू-गोटे उपसून तिथेच बांधकामात वापरू नका. ते गौण खनिज आहे, आणि जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48(7) खाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला खारभूमीचा बांध फोडून वाट काढणं तर मनातही आणू नका.

अर्ज पावसाळ्यातच तयार करा. पाणी जिथवर चढतं तिथे काठच्या झाडावर रंगाची खूण करून तारखेसह फोटो काढा आणि अर्जाला जोडा. पाहणीला माणसं येतात ती बहुधा कोरड्या दिवसांत, वहाळ घोट्याएवढा असताना, आणि मग पाइपाचा व्यास त्याच पाण्यावरून ठरतो.