तीन गोळ्या, तीन तारखा

इंग्लंडमध्ये रिपीट प्रिस्क्रिप्शनचं, म्हणजे नेहमीच्या गोळ्या दर वेळी डॉक्टरांना न भेटता मागवायचं, चक्र एकदा बसलं की बरं चालतं. आमचं काही बसत नव्हतं. ह्यांची बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि शुगरची गोळी वेगवेगळ्या वेळी सुरू झालेली. एक संपली की दुसरीच्या दोन पट्ट्या उरलेल्या. सगळ्या एकदम मागवाव्यात, तर 'अजून वेळ झाली नाही' म्हणून एखादी नाकारली जायची. फोन केला तर रिसेप्शनवरची बाई गोड आवाजात सांगणार, "फोनवर रिपीट घेत नाही."

उपाय निघाला सर्जरीतल्या, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या, फार्मासिस्टकडे. हल्ली बऱ्याच सर्जरींत असा माणूस असतो, डॉक्टरांची अपॉइंटमेंट अडवायची गरजच नाही. घरात कुठली गोळी किती उरलीय ते मोजून लिहून दिलं: अम्लोडिपिन ९, अटोर्व्हास्टॅटिन २०, मेटफॉर्मिन ३०. त्याने कमी पडणाऱ्या गोळ्या एकदाच हव्या तेवढ्या दिल्या आणि पुढे तिन्ही २८ दिवसांच्या, एकाच तारखेला.

एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ॲपमध्ये नॉमिनेटेड फार्मसी, म्हणजे आपली प्रिस्क्रिप्शनं जिथे जातात ते औषधाचं दुकान, तेही बघून ठेवा. घर बदललं तरी ती आपोआप बदलत नाही. प्रिस्क्रिप्शन जुन्या दुकानात गेलंच, तर त्यांना ते सिस्टिममध्ये परत सोडायला सांगा; मग नव्या दुकानाला ते उतरवून घेता येतं. मागवताना मधला बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) धरायला विसरू नका.

आणि हो, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सर्जरीतून एक्झम्प्शन सर्टिफिकेटचा फॉर्म भरून घ्या. मग बीपीच्या गोळीचेही पैसे पडत नाहीत. साठी ओलांडलेल्यांना तेही नको.